खबरदारी आणि मानपान

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, महाराष्ट्रातील करोना साथीचे निर्बंध उठले आणि मास्क वापरणे ऐच्छिक झाले. त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला विमानप्रवासातील मास्कची सक्ती संपली. पुढे ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने करोना ही आता जागतिक आणीबाणी राहिली नसल्याचे जाहीर केले. समाजाच्या लेखी या तीन तारखांबरोबर एक प्रकरण मिटले. ते मिटावे अशी सर्वांचीच इच्छा होती आणि त्या इच्छेत गैर काही नव्हते. परंतु काही घरांच्या दिनदर्शिकेत असा सुटकेचा दिवस अजून उगवलेला नाही. केमोथेरपी घेणारा रुग्ण, फुप्फुसाच्या जुनाट विकाराने थकलेले आजोबा किंवा डायलिसिसवर असलेली आजी ज्या घरात राहते, तेथे खबरदारी ही साथीपुरती आलेली पाहुणी नसते. ती घरचीच होऊन राहते.

आमचे घर असेच आहे. २०१७ साली यजमानांवर मूत्रपिंड प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया झाली. शरीराने परके मूत्रपिंड नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती मुद्दाम दडपून ठेवणारी औषधे त्यांना आयुष्यभर घ्यावी लागतात. त्यामुळे इतरांना दोन दिवस शिंका आणून जाणारी सर्दी त्यांना रुग्णालयात नेऊ शकते, आणि लसीचे संरक्षणही अशा शरीराला इतरांइतके मिळत नाही. साथीच्या आधीही ते गर्दीत मास्क लावत. तेव्हा लोक कुतूहलाने पाहत. २०२० आणि २०२१ मध्ये सगळेच मास्क लावू लागले, आणि शस्त्रक्रियेनंतर प्रथमच ते चारचौघांत वेगळे दिसेनासे झाले. २०२२ नंतर ते पुन्हा वेगळे दिसू लागले. पण या वेळची नजर कुतूहलाची नव्हती. तिच्यात नाराजी होती. ही नाराजी कशाची, याचा विचार मी तेव्हापासून करीत आले आहे.

तिची तीन रूपे मला ओळखू येऊ लागली आहेत. पहिले रूप चेष्टेचे. ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत कोणीतरी हमखास म्हणते, "तुमचा करोना अजून गेलेला दिसत नाही!" दुसरे रूप कीव करण्याचे. बँकेत शेजारच्या खुर्चीवरील बाई यजमानांकडे पाहत दबक्या आवाजात मला विचारतात, "काय झालंय यांना?" जणू मास्कमुळे त्यांचे कानही झाकले गेले आहेत! तिसरे रूप रागाचे. "आम्ही काय आजारी आहोत का?" असा तो प्रश्न असतो, आणि कित्येकदा तो शब्दांत न येता केवळ मान फिरवून विचारला जातो. चेष्टा हसून सोडता येते, कीव थोड्या धीराने सोसता येते. राग मात्र समजून घ्यावा लागतो.

हा राग अज्ञानातून येतो असे मला वाटत नाही. श्वासातून जंतू कसे पसरतात, बंद खोलीत धोका का वाढतो, हे त्या दोन वर्षांत शाळकरी मुलांनाही पाठ झाले होते. अडचण माहितीची नसून मानाची आहे. आपल्याकडे जवळीक हीच आपुलकीची भाषा आहे. भेटलो की पाया पडायचे, पाठीवरून हात फिरवायचा, पंगतीला खांद्याला खांदा लावून बसायचे, आजाऱ्याच्या उशाशी जाऊन बसायचे. या भाषेत जो चार पावले मागे सरतो, त्याने काहीतरी टोचून बोलल्यासारखे होते. शिवाय अंतर या गोष्टीला आपल्या समाजात एक कडू इतिहास आहे. शतकानुशतके येथे माणसाने माणसाला दूर ठेवले ते आरोग्यासाठी नव्हे, तर हीन लेखण्यासाठी. शिवाशिवीची ती आठवण ज्या मातीत मुरली आहे, तेथे 'जरा लांब बसा' हे शब्द केवळ वैद्यकीय अर्थाने ऐकले जातील, अशी अपेक्षा करणे कठीण आहे. आणि तिसरे कारण दुःखाचे. ज्यांनी आपले माणूस शेवटच्या दर्शनाशिवाय निरोप देऊन घालवले, त्यांना मास्क पाहताच ते दिवस आठवतात. ते आपल्यावर नव्हे, त्या आठवणीवर रागावलेले असतात.

खबरदारीला अपमानाची जोड मिळाली की काय होते, हे पुण्याने एकदा पाहिले आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये त्या वर्षीच्या साथरोग कायद्याने सरकारला मोठे अधिकार मिळाले होते. रेल्वेच्या प्रवाशांची तपासणीही त्यांत होती. रोगी वेगळे ठेवणे, घरे स्वच्छ करणे हे उपाय तत्त्वतः चुकीचे नव्हते. परंतु सैनिक घरात शिरले, देवघरात आणि माजघरात वावरले, आणि उपायांपेक्षा अवहेलनाच लोकांच्या लक्षात राहिली. तो संताप २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर झाडलेल्या गोळीपर्यंत गेला. त्याच साथीत, त्याच शहराजवळ, सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या आणि त्यातच १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रोगाशी दोघांनाही झुंजायचे होते. एकीकडे हुकूम होता, दुसरीकडे माया. साथ आली की माणसे या दोहोंतील फरक फार लवकर ओळखतात.

मान राखून खबरदारी घेण्याची रीतही आपल्याला परकी नाही. बाहेरून आल्यावर हातपाय धुतल्याशिवाय बाळाला घ्यायचे नाही, हे सांगितल्यावर कोणी आजी रुसल्याचे मी पाहिलेले नाही. कांजिण्या आल्या की दाराला कडुलिंबाचा डहाळा लावत. तो पाहून येणारा उंबऱ्यातूनच चौकशी करून परत जाई, आणि दोन्ही बाजूंना अवघड वाटत नसे. यातील मर्म असे, की नियम सर्वांना सारखा होता आणि तो आजाऱ्याला स्वतःच्या तोंडाने मागावा लागत नव्हता. आज ज्याला गरज आहे, त्याच्यावरच मागण्याचीही वेळ येते. म्हणून भिडस्त माणूस गप्प बसतो, आणि बहुतेक ज्येष्ठ भिडस्तच असतात.

२०२४ च्या फेब्रुवारीत धाकट्या नणंदेच्या मुलीचे लग्न कोल्हापुरात होते. वधूला मंडपात घेऊन येण्याचा मान मामाचा, आणि या मुलीला मामा एकच. नणंदेचा फोन आला तेव्हा मी मास्कचा विषय काढला. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग ती म्हणाली, "वहिनी, दादाने तोंड बांधून मुलीला मंडपात आणायचं? मुलाकडच्यांना वाटेल, आम्ही त्यांना रोगट समजतो." तिचे म्हणणे मला वावगे वाटले नाही. लग्नघरच्या आईला सातशे माणसांच्या नजरा सांभाळायच्या असतात. एप्रिल २०२१ मध्ये लग्नाला २५ माणसे आणि दोन तास एवढीच मुभा होती. त्या काळात तिच्या थोरल्या मुलाचे लग्न जेमतेम उरकले होते. या लेकीच्या लग्नावर साथीची सावलीही पडू नये, असे तिला वाटत होते.

फोन यजमानांनी माझ्या हातून घेतला. ते शांतपणे म्हणाले, "मी यावं असं तुला वाटतं ना? मग मी येतो तो माझी काठी आणि मास्क घेऊनच. काठीने कोणाचा अपमान होत नाही, तसा याचाही होत नाही." नणंद काही बोलली नाही. दोन दिवसांनी मात्र तिचाच पुन्हा फोन आला. तिने वराच्या आईला आधीच सारे सांगून टाकले होते. त्या बाईंनी एवढेच विचारले होते, की मामांना हार घातला आणि टोपी-उपरणे दिले तर चालेल ना? मोठ्या वाटणाऱ्या गुंत्याचे टोक बहुधा असेच असते. कोणीतरी आधी सांगावे लागते, आणि ते यजमानपद असणाऱ्याने सांगितले तर पाहुण्याचे काम फार हलके होते.

प्रवासाचा विचारही आम्ही तितक्याच बारकाईने केला. पुण्याहून कोल्हापूरला कोयना एक्स्प्रेसने जाताना वातानुकूलित डब्याऐवजी खिडक्या उघडता येतात असा साधा डबा निवडला, कारण बंद डब्यात अनेकांचा श्वास तोच तो फिरत राहतो. मास्क एन-९५ प्रकारचा, नाकावर घट्ट दाबलेला आणि झडप नसलेला घेतला. झडपेतून उच्छ्वास न गाळताच बाहेर पडतो, म्हणून झडपेचा मास्क शेजाऱ्याच्या उपयोगाचा नाही. खाण्यासाठी मास्क काढायचा तो खिडकीशी बसूनच. समोर एक तरुण आई खोकणाऱ्या मुलाला घेऊन बसली होती. मी तिला म्हटले, "बाळाला खोकला झालाय, दमला असेल तो. यांचीही तब्येत नाजूक आहे. ही खिडकी थोडी जास्त उघडू का?" तिने खिडकी स्वतःच वर ढकलली आणि मुलाला पलीकडच्या अंगाला घेतले. आधी तिच्या मुलाची चौकशी झाली नसती, तर तेच वाक्य तिला आरोप वाटले असते. विमानाने जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की उड्डाणात केबिनमधील हवा बारीक गाळणीतून सतत गाळली जाते. अधिक जपायचे ते विमानतळावरची रांग, बस आणि विमानात चढण्या-उतरण्याच्या गर्दीत.

लग्नात मामांनी मास्क लावूनच भाचीला अंतरपाटापर्यंत आणले. त्यांची खुर्ची उघड्या दाराजवळ होती, आणि जेवण पहिल्या पंगतीच्याही आधी मागच्या अंगणात झाले. छायाचित्रकाराला चेहरा हवा होता; तो फोटो अंगणात, मोकळ्या हवेत, मास्क काढून काढला. सारे गोड झाले असे मात्र मी म्हणणार नाही. नात्यातील एक वडीलधारे गृहस्थ सर्वांदेखत म्हणाले, "एवढी भीती होती तर यायचंच कशाला?" आणि न बोलता निघून गेले. ते अजून आमच्याशी मोकळे झालेले नाहीत. त्यांना उत्तर देण्याची ती जागा नव्हती. पण त्या प्रश्नाचे उत्तर अनेक घरांच्या उपयोगी पडेल, म्हणून येथे देते. भीती असती तर आम्ही आलो नसतो. खबरदारी होती म्हणून येऊ शकलो. भित्रा माणूस दार लावून घरात बसतो. मास्क हे बाहेर पडण्याचे साधन आहे, जसा चष्मा वाचनाचे आणि काठी चालण्याचे.

शुश्रूषा करणाऱ्यांना येथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. काळजीपोटी आपण ज्येष्ठांना समारंभांपासून, प्रवासापासून, नातवंडांपासून दूर ठेवू लागतो. एकटेपणही प्रकृतीला पोखरते. तेव्हा 'जाऊ नका' असे म्हणण्याआधी 'कसे जाता येईल' हे त्यांच्यासोबत बसून ठरवावे, आणि कोणता धोका पत्करायचा याचा अखेरचा शब्द शक्यतो त्यांचाच असावा. शरीर त्यांचे आहे, आणि भाचीही त्यांचीच असते. दरवर्षीची फ्लूची लस, न्यूमोनियाची लस, प्रवासापूर्वीची औषधे याविषयी मात्र आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

आणि जे निरोगी आहेत, ज्यांच्या घरी ज्येष्ठ पाहुणे येणार आहेत, त्यांच्याकडे मागणे थोडेच आहे. आमंत्रण देतानाच विचारावे, "तुमच्यासाठी काय सोय करू?" सर्दी-ताप असेल तर भेट चार दिवस पुढे ढकलावी आणि तसे फोन करून सांगावे, हल्ली न येण्याचाच राग धरतात, पण आजारी असताना न येणे हाही स्नेहच आहे. कार्यक्रमाच्या खोलीची एक खिडकी, एक दार उघडे ठेवावे. आणि मास्क लावलेला माणूस दिसला तर कारण विचारू नये. त्याला बसायला मोकळ्या हवेतील जागा द्यावी आणि पुढचे बोलणे प्रकृतीऐवजी लग्नावर, पावसावर, नातवंडांवर न्यावे. मानपान याहून निराळा तो काय असतो?