देवळालीच्या रस्त्यावर, पुन्हा एकदा

देवळाली कॅम्पची हवा कोरडी आणि हलकी. मुंबईच्या दमट हवेने थकलेली माणसे पूर्वी येथे येऊन महिना-दोन महिने राहत. त्यांच्यासाठी पारशी, गुजराती, जैन मंडळींनी बांधलेली सॅनिटोरियम लॅम रोडच्या परिसरात आजही आहेत. लष्करी छावणीचे हे गाव असे दुखणाइतांचेही गाव झाले. मीही येथे तसाच आलो. 66 व्या वर्षी, अँजिओप्लास्टीनंतर चार महिन्यांनी. फरक एवढाच, की मला नुसते चालायचे नव्हते. मला पुन्हा बुलेट चालवायची होती.

तरुणपणी वीस वर्षे माझ्याकडे बुलेट होती. संसाराच्या ओढाताणीत ती विकली, आणि आवाज मात्र कानात राहिला. नवी गाडी दारात आली तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, डोके फिरले की काय तुमचे?" मी हसून सांगितले, की या अर्थाचा इंग्रजी शब्दच या गावाने दिला आहे. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत ब्रिटिश शिपाई येथे महिनोन्‌महिने अडकून पडत, कंटाळून भ्रमिष्टासारखे वागत. त्यावरून 'डूलाली' हा शब्द रूढ झाला. त्या हसल्या नाहीत.

डॉक्टरांनी परवानगी दिली, पण सरसकट नव्हे. ताण-चाचणी झाली, मोतिबिंदूसाठी डोळे तपासले गेले, मान दोन्ही बाजूंना पुरेशी वळते का हेही पाहिले. परवान्याच्या नूतनीकरणासाठी चाळिशीनंतर वैद्यकीय प्रमाणपत्र लागते आणि पंचावन्नाव्या वर्षानंतर परवाना एका वेळी 5 वर्षांचाच मिळतो. पूर्वी हा मला जाच वाटे. आता वाटते, कायदा आपल्याला ठरावीक काळाने एक प्रश्न विचारतो. तो आपण स्वतःलाच अधिक वेळा विचारावा.

पहिल्या आठवड्यातील एक सकाळ विसरणार नाही. तोफखान्याच्या सरावाचे धमाके दूरवर ऐकू येत होते. भगूरकडे जाणारा रस्ता मोकळा होता. अचानक एक कुत्रे आडवे आले. मी डाव्या पायाने ब्रेक दाबला. पण तेथे ब्रेक नव्हताच. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असे. नव्या गाडीत हे नेमके उलट आहे. बुद्धीला ते ठाऊक होते, पायाला नव्हते. गाडीने हिसका दिला, कडेच्या मातीत कलंडली, आणि सुमारे 190 किलोंचे ते धूड उचलायला दोन दूधवाल्यांना बोलवावे लागले.

घरी मी काहीच सांगितले नाही. गुडघ्याला थोडे खरचटले होते, इतकेच. परंतु स्टेंटनंतर मी रक्तात गुठळी होऊ न देणाऱ्या दोन गोळ्या घेत होतो. दुसऱ्या दिवशी मांडीपर्यंत काळानिळा डाग पसरला आणि माझे मौन उघडे पडले. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "हाच मार डोक्याला लागला असता तर? या गोळ्या चालू असताना हेल्मेट घातलेले असले आणि वरून काही दिसत नसले, तरी डोक्याला मार लागताच रुग्णालयात यायचे." सौभाग्यवती एकच वाक्य बोलल्या : "पडलात त्याचे नाही, लपवलेत त्याचे वाईट वाटले."

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून एक कागद लिहिला. तीन आठवडे मोकळ्या रस्त्यावर केवळ थांबण्याचा सराव. अंधारात, पावसात आणि महामार्गावर गाडी नाही. झोपेची किंवा सर्दीची गोळी घेतली असेल त्या दिवशी नाही. मधुमेह असल्यामुळे निघण्यापूर्वी साखर तपासायची, खिशात गूळ-शेंगदाणे नव्हे, तर लगेच विरघळणारी ग्लुकोजची पूड ठेवायची. छातीत जडपणा वाटला तर तेथेच थांबायचे, गाडी घरी आणायचा हट्ट नाही. शेवटचे कलम त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले : ज्या दिवशी मी किल्ली मागेन, त्या दिवशी वाद न घालता द्यायची.

वृद्धांची काळजी घेणाऱ्यांना मी एवढेच सुचवेन : सरळ "नाही" म्हटले की माणूस लपवू लागतो. अटी एकत्र बसून ठरवल्या, तर तो सांगू लागतो.

आता आठवड्यातून दोनदा, ऊन चढण्यापूर्वी, मी भगूरपर्यंत जातो. दारणेच्या काठी गाडी उभी करतो, नाडी पाहतो, पाणी पितो आणि घरी फोन करतो. सौभाग्यवती अजून मागे बसलेल्या नाहीत. मी आग्रहही करत नाही. त्या फोनवर विचारतात, "पोहोचलात ना? सावकाश या." किल्ली अजून त्यांनी मागितलेली नाही. मागतील तेव्हा ती त्यांच्या हाती द्यायची, याचीही मनाशी तयारी चालू आहे.