अंथरूण आपले, पाय दुसऱ्याचे

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे मुलांना घरोघरी शिकवले जाते. पण झटपट पैशाची गोष्ट निघाली, की मोठ्यांनाच या म्हणीचा विसर पडतो. परकीय चलनाच्या सौद्यांत तर हा विसर फारच महागात पडतो. कुणीतरी जाणकार मोबाइलवर 'सिग्नल' पाठवतो: युरो अमुक भावाला घ्या, तमुक भावाला विका. घेणारा भाव उतरवून घेतो, वेळ उतरवून घेतो आणि सौदा केवढा करायचा, तो आकडाही जसाच्या तसा उतरवतो. चूक नेमकी तिथे होते.

दुबईत नोकरी करणाऱ्या एका मराठी गृहस्थांचे असेच होऊ घातले होते. मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतून १,००० डॉलर त्यांनी तिथल्या परवानाधारक दलालाकडे भरले. ज्याचे सिग्नल घ्यायचे, त्याचे खाते १०,००० डॉलरचे. तो युरो-डॉलरमध्ये ०.४ लॉटचा सौदा करी आणि भाव ५० पिप उलटा गेला, की तोटा सोसून बाहेर पडे.

पत्नी गणिताची शिक्षिका. तिने विचारले, "अहो, तो चुकला तर त्याचे किती जातात?"

"२०० डॉलर. शंभरातले दोनच गं."

"आणि आपले?"

गृहस्थ गप्प झाले. आपलेही २००च, पण ते शंभरातले वीस!

"म्हणजे तो ओळीने पाचदा चुकला, तर त्याचा दहावा हिस्सा जाईल आणि आपले सगळेच," ती म्हणाली.

मग दोघांनी कागद घेतला. एक पूर्ण लॉट म्हणजे १ लाख युरो. भाव एक पिप, म्हणजे ०.०००१ डॉलर हलला, की त्यात १० डॉलरचा फरक पडतो. एका सौद्यात खात्याचा शंभरावा भाग, म्हणजे १० डॉलरच जाऊ द्यायचे ठरवले, तर ५० पिपांना भागून पिपमागे २० सेंट येतात. म्हणजे सौदा ०.०२ लॉटचा, सिग्नलवाल्याच्या विसावा हिस्सा. पुढच्या सिग्नलमध्ये अंतर १०० पिप असेल, तर लॉट निम्मा. खाते घटले, तर जोखमीची रक्कमही घटवायची. युरो आणि पौंड दोन्ही डॉलरविरुद्ध घ्यायला सांगितले, तर ते दोन सौदे नव्हेत, बहुतांशी एकच. जोखीम दोघांत वाटून द्यायची.

तोटा थांबवायला लावलेला 'स्टॉप लॉस' ही काही दगडी भिंत नव्हे. स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने ६ सप्टेंबर २०११ पासून युरोला किमान १.२० फ्रँकचा भाव राखला होता. १५ जानेवारी २०१५ रोजी तिने तो एकाएकी सोडला. काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्याही खाली गेला. कित्येकांचे स्टॉप लॉस ठरल्या भावाला लागलेच नाहीत आणि खात्यात होते त्याहून जास्त देणे काहींच्या अंगावर आले. लहान सौदा करणाऱ्याला असा तडाखा सोसतो. ओढूनताणून मोठा केलेल्याला नाही.

एवढे कळल्यावर फीचे पैसे बँकेत परत गेले. ओव्हरटाइमचे २०० डॉलर तेवढे खात्यात राहिले. त्यांना शंभरावा भाग म्हणजे २ डॉलर. पण दलालाकडचा लहानात लहान सौदा ०.०१ लॉटचा, ५० पिपांना त्यातही ५ डॉलर जातात. मग असे सिग्नल सोडून देणे, हाच हिशेब ठरला.

नाशिकहून धाकट्या भावाचा फोन आला, "दादा, ते सिग्नल मलाही पाठव ना." त्याला मात्र साफ नकार मिळाला. भारतात राहणाऱ्याला चलनाचे सौदे अधिकृत व्यक्तींमार्फत किंवा मान्यताप्राप्त मंचांवर आणि परवानगी असलेल्या कारणांसाठीच करता येतात. परदेशी दलालाकडे त्यासाठी मार्जिन पाठवणे 'फेमा' कायद्यात बसत नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये अनधिकृत मंचांची सावधानतेची यादीही जाहीर केली आहे.

सिग्नल देणाऱ्याला बाजाराचा भाव कळत असेलही. पण कुणाच्या घरी फीची तारीख कधी आहे, हे त्याला कळत नाही. म्हणून किती गमवायचे, तो आकडा घरानेच ठरवावा लागतो, आणि तोही सौद्याआधी.