वांझ कोण?

मराठी भाषेत काही शब्द असे आहेत की, ते उच्चारताना जिभेस लाज वाटावयास हवी. परंतु ती वाटत नाही. ‘वांझ’ हा त्यांपैकी एक. गाय वांझ असते, झाड वांझ असते, पाऊस न पाडणाऱ्या ढगासही कोणी वांझोटा म्हणतो. परंतु मनुष्याच्या घरात शिरल्याबरोबर हा शब्द केवळ स्त्रीचा होऊन बसतो. ज्या घरात पाळणा हलला नाही, तेथील गृहस्थास ‘मूलबाळ नसलेले’ म्हणावयाचे आणि त्याच्या पत्नीस ‘वांझ’, हा आमचा शिष्टाचार! उपास तिने करावेत, पिंपळास प्रदक्षिणा तिने घालाव्यात, नवस तिने बोलावेत. आणि इतके करूनही काही न घडल्यास दुसरा विवाह मात्र नवऱ्याने करावा, असा न्याय आमच्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. तो चुकीचा आहे हे वैद्यकास ठाऊक होतेच. परंतु दोघांची बीजे वेगवेगळी समोर मांडून ज्या विद्येने ते उघड दाखविले, तिच्याविषयी आज आम्ही दोन शब्द लिहिणार आहोत.

स्त्रीच्या बीजकोशातून दर महिन्यास बहुधा एकच बीज सुटते. ते बीजवाहिनीत उतरते, तेथे पुरुषबीजाशी त्याचा संयोग होतो, आणि त्यातून झालेला गर्भ काही दिवसांनी गर्भाशयात येऊन रुजतो. बीजवाहिनी बंद असेल तर ही वाट अडते. ‘आयव्हीएफ’ या नावाने आता घरोघर परिचित झालेली विद्या हीच अडलेली वाट शरीराबाहेरून काढते. आठदहा दिवस रोज औषधे टोचून एकाच वेळी अनेक बीजे पक्व करावयाची, सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत ती बारीक सुईने काढून घ्यावयाची, एका सपाट बशीत पुरुषबीजांच्या सहवासात ठेवावयाची, आणि शरीराइतक्याच उबेत तीन ते पाच दिवस वाढविलेला गर्भ मऊ नळीने गर्भाशयात सोडावयाचा. पुढे सुमारे पंधरा दिवस केवळ वाट पाहणे. ‘परीक्षानळीतले मूल’ हे वर्तमानपत्री नाव म्हणूनच दोन्ही अंगांनी खोटे आहे. गर्भ नळीत नव्हे, बशीत धरतो. आणि मूल वाढते ते आईच्याच पोटात.

हे वर्णन ऐकताच आमच्या काही मित्रांस गांधारीच्या शंभर कुंभांची आठवण होते. त्या कथेवर आमचाही लोभ आहे. परंतु कथेतून दिसते ती अपत्याची इच्छा किती पुरातन आहे एवढेच. ती इच्छा फळास आणण्यास काय मोल पडते, हे कथा सांगत नाही. ते मोल इंग्लंडातील ओल्डहॅम गावी दिसून आले. तेथे २५ जुलै १९७८ रोजी लुईझ ब्राउन ही या मार्गाने जन्मलेली जगातील पहिली मुलगी जन्मास आली. रॉबर्ट एडवर्ड्‌स हे शास्त्रज्ञ, पॅट्रिक स्टेप्टो हे शस्त्रवैद्य आणि जीन पर्डी ही परिचारिका, या तिघांची ती सुमारे दहा वर्षांची तपश्चर्या होती. एडवर्ड्‌स यांस २०१० साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा दुसरे दोघे हयात नव्हते. परंतु आम्हांस त्या तिघांहूनही अधिक स्मरण होते ते २८२ स्त्रियांचे. १९६९ ते १९७८ या काळात त्यांनी या प्रयोगासाठी आपली शरीरे पुढे केली. त्यांपैकी केवळ दोघींच्या मांडीवर मूल आले. आज या मार्गाने जन्मलेल्या मुलांची संख्या जगात एक कोटीच्या वर गेली आहे. रिकाम्या हातांनी परतलेल्या त्या २८० जणींचे ऋण या सर्वांच्या घरांवर आहे.

आमच्या देशाचा इतिहासही विसरण्यासारखा नाही. त्याच वर्षी ३ ऑक्टोबर रोजी कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने अशीच एक मुलगी जन्मली. सरकारने नेमलेल्या समितीने त्यांच्या सांगण्यावर विश्वास ठेवला नाही. पुढे त्यांची बदली नेत्ररोगांच्या संस्थेत झाली, आणि १९८१ साली त्यांनी आपल्या हाताने आयुष्य संपविले. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या परिश्रमाने जी मुलगी जन्मली, तीच देशातील पहिली म्हणून गाजली. परंतु मुखोपाध्यायांची टिपणे वाचल्यावर, १९९७ साली, पहिलेपणाचा मान आपला नसून त्यांचा आहे, असे आनंदकुमारांनी स्वतःच जाहीर केले. पुरावा न पाहता दिलेला निवाडा पुरावा पाहून फिरविण्याचे हे धैर्य प्रयोगशाळेत दिसले. घरात ते क्वचितच दिसते.

आमच्या परिचयाच्या एका सुशिक्षित कुटुंबात सात वर्षे सुनेच्या तपासण्या चालल्या होत्या. आठव्या वर्षी एका डॉक्टरीणबाईंनी प्रथम चिरंजीवांस तपासावयाचे म्हटले, तेव्हा वडीलधाऱ्यांस तो अपमान वाटला. वस्तुतः ही तपासणी सर्वांत सोपी, अल्प खर्चाची व वेदनारहित. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडील कारणाचा काही ना काही वाटा असतो. येथेही उणीव निघाली ती त्यांच्यातच. सासूबाई सुनेस एवढेच म्हणाल्या, “हे बाहेर कोठे बोलू नकोस हं.” सात वर्षे तिची नसलेली उणीव आप्तेष्टांत चर्चिली गेली, त्याची असलेली उणीव एका दिवसात घराण्याचे गुपित झाली.

अशा पुरुषांसाठीही उपाय निघाला आहे. एकच पुरुषबीज सूक्ष्म सुईने स्त्रीबीजात सोडण्याची रीत ब्रुसेल्स येथील वैद्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केली. त्या कुटुंबात दुसऱ्या प्रयत्नास मुलगी झाली, ती या रीतीने. परंतु येथेही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उणीव पतीची असली, तरी रोजची टोचणी, भूल आणि सुई पत्नीच्याच वाट्यास येते. शिवाय ही विद्या काही कल्पवृक्ष नव्हे. खर्च मोठा, निष्फळ प्रयत्न सफळांहून अधिक, आणि वाढत्या वयाबरोबर क्षीण झालेल्या बीजास पुन्हा तारुण्य देणे तिलाही साधलेले नाही. म्हणूनच सुनेच्या तपासणीत घालविलेली ती सात वर्षे कोणी परत देऊ शकत नाही.

वर्षभर वाट पाहूनही मूल न झाल्यास, आणि पत्नीचे वय पस्तिशीच्या पुढे असल्यास सहा महिन्यांतच, पतिपत्नींनी एकाच दिवशी, बरोबरच तपासणीस जावे, एवढा एक नियम आमच्या सुशिक्षित घरांनी पाळावा. कोणास मूल होईल, कोणास होणार नाही. मूल नसलेले घर काही अपुरे घर नव्हे. परंतु कोणत्याही घरात तो एक शब्द उच्चारण्याचे कारण मग उरणार नाही.