शेवळं, काकडे आणि एक जुनी थाप

परवा जांभळी नाक्यावर भाजी घ्यायला गेले होते. पाऊस नुकताच पडून गेला होता, रस्त्यावर चिखल. कोपऱ्यावर दोन आदिवासी बायका टोपली मांडून बसल्या होत्या आणि टोपलीत शेवळांच्या जुड्या. माझे पाय आपोआप थांबले. शेजारच्या बाईने विचारलं, "हे काय असतं हो?" आता हिला काय सांगणार! शेवळं म्हणजे काय हे सांगायला मला तीस वर्षं मागे जावं लागतं. आणि तिथे गेलं की एक गोष्ट कबूल करावी लागते, जी मी सासरच्या मंडळींना आजतागायत सांगितलेली नाही. तुमच्यातले बरेचजण हे वाचता. तेव्हा आज सांगूनच टाकते.

आधी शेवळांची ओळख, म्हणजे माझ्या माहेरच्या लोकांनाही कळेल. पहिला पाऊस झाला की ठाणे-रायगडकडच्या जंगलात जमिनीतून तपकिरी-जांभळट, टोकदार दांडे वर येतात. पान नाही, काही नाही, नुसता दांडा. सुरणाच्याच घराण्यातली ही वनस्पती. शास्त्रीय नाव अमॉर्फोफॅलस कम्युटॅटस. पानं नंतर येतात, आधी फूल. ते उमलायच्या आत खुडून आणतात आणि त्याची भाजी करतात. मोजून दोन-तीन आठवड्यांचा खेळ. शेतात पिकवत नाहीत, मुरबाड-शहापूर-कर्जतकडच्या बायका पहाटे रानात जाऊन काढतात आणि लोकलने आणून विकतात. सीकेपी आणि पाठारे प्रभू मंडळी या भाजीवर जीव टाकतात. कोलंबी घालून, सोडे घालून, खिमा घालून. आणि माझ्यासारख्या शाकाहारी प्राण्यासाठी वाल घालून.

आता यातली मेख. शेवळं खाजतात. साधीसुधी नाहीत, चांगली खाजतात. अळू-सुरणात असतात तसे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक यातही असतात आणि ते जिभेला, घशाला टोचतात. म्हणून वरचं आवरण सोलायचं, आतला पिवळा भाग काढून टाकायचा, बारीक चिरायचं, तेलावर भरपूर परतायचं आणि मुख्य म्हणजे त्यात काकड्यांचा रस घालायचा. काकडे म्हणजे काकड नावाच्या झाडाची फळं. हिरवी, टणक, हरभऱ्याहून मोठी आणि आवळ्याहून लहान. चवीला आंबटढाण. नुसती पाहिली तर कुणी उचलून घरात आणणार नाही. पण शेवळांचं औषध तेच. गंमत म्हणजे जी बाई शेवळं विकते तीच शेजारी काकड्यांचा वाटा लावून बसते. रोग आणि उतारा एकाच टोपलीत :)

हे सगळं ज्ञान मला आज आहे. १९९६ च्या जूनमध्ये नव्हतं.

त्या वर्षी मे महिन्यात माझं लग्न झालं आणि भुसावळहून मी थेट ठाण्यात येऊन पडले. आमच्याकडे भाजी म्हणजे वांगं. कपाशीच्या काड्यांवर भाजायचं, लाकडी बडगीत ठेचायचं, वर कांद्याची पात, लसूण, हिरवी मिरची, शेंगदाणे आणि सढळ तेल. (जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी घरात पेढे वाटले होते. कुणालाच कारण कळलं नाही.) अशा घरातली मुलगी सीकेपी घरात आली. इथे सकाळी मासळीवाली दारात, फडताळात सोड्यांची बरणी, आणि "आज काही नाही, साधंच आहे" म्हणजे वालाचं बिरडं.

सासूबाई मात्र फार समजूतदार. मी मासे खात नाही हे कळल्यावर त्यांनी एकदाही तोंड वाकडं केलं नाही. माझ्यासाठी एक छोटं पातेलं वेगळं काढलं आणि ते शेवटपर्यंत वेगळं ठेवलं. त्यांना मी आई म्हणायचे, त्या मला "अगं ए" म्हणायच्या. नावाने हाक मारायच्या तेव्हा समजायचं काहीतरी बिघडलंय.

तर जूनमधला रविवार. कल्याणच्या आत्या, पेणचे काका, त्यांची मुलं, धरून बाराजण जेवायला. निमित्त नवी सून आणि शेवळं. आईंच्या हातच्या शेवळांची ख्याती नात्यात सगळीकडे होती, मंडळी वर्षभर वाट बघायची. आई सकाळीच बाजारात जाऊन आल्या, पिशवी ओट्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "अगं ए, एवढी रिकामी करून ठेव, मी आंघोळ करून येते."

मी केली. जुड्या काढल्या, आंबे काढले, कोथिंबीर काढली. तळाशी एक कागदाची पुडी होती. त्यात चिखलाने माखलेली, पाल्यासकट हिरवी टणक फळं. मला वाटलं, झाडाखाली पडलेला कचरा चुकून पिशवीत आलाय. किती छान आवरतेय मी, असा विचार करत ती पुडी सरळ केराच्या डब्यात टाकली. वर कांद्याची सालं.

आई आल्या. शेवळं सोलून-चिरून झाली, परतायला टाकली, मग इकडेतिकडे बघायला लागल्या. "इथे एक पुडी होती, पाहिलीस का गं? काकडे होते त्यात."

तेव्हा मला लख्खकन कळलं. आणि मी म्हणाले, "नाही."

का म्हणाले? लग्नाला महिना झाला होता. बाहेर बाराजण बसलेले. "मी फेकले" एवढे दोन शब्द घशातून वर येईनात. 'नाही' हा त्यामानाने लहान शब्द, तो निघून गेला. आई क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या, मग "बरं" म्हणाल्या आणि चिंचेचा डबा काढला. चिंचही तळाशी गेलेली. जेवढी होती तेवढी कोळून घातली.

पानं मांडली. पहिले दोन घास झाले, "वा वहिनी" झालं. मग काकांनी घसा खाकरला. मग त्यांच्या धाकट्याने. मग आत्यांनी पाणी मागितलं. पाच मिनिटांत अख्खी पंगत घसे खाकरत होती, लहान मुलं जीभ बाहेर काढून रडत होती आणि माझे सासरे ताटाकडे बघत म्हणत होते, "हे काय झालंय आज?" माझ्या वेगळ्या पातेल्यातली वालाची शेवळंही तशीच. माझ्या घशात जणू कुणी काचलोकर घातली होती. त्याची शिक्षा मला तिथल्या तिथे मिळाली म्हणायची.

आई उभ्या होत्या. म्हणाल्या, "माझंच चुकलं. काकडे घ्यायला विसरले. वय झालं आता." तेव्हा त्या बावन्न वर्षांच्या होत्या.

मी तिथेच वाढायला उभी होते. काहीही बोलले नाही.

पुढे दरवर्षी जून आला की आत्या फोन करायच्या आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "वहिनी, काकडे आणलेत ना?" सगळे हसायचे. आईही हसायच्या. मी ओट्याकडे वळून काहीतरी करायला लागायचे. एकदा तर कुठल्याशा साखरपुड्यात भरमंडपात पेणच्या काकांनी तो किस्सा रंगवून सांगितला. नात्यात ज्या एका पदार्थासाठी आईंचं नाव घेतलं जायचं, त्याच पदार्थावरून त्यांची थट्टा व्हायला लागली, आणि ती माझ्यामुळे.

मी त्यानंतर दरवर्षी शेवळं खाल्ली. आई विचारायच्या, "आवडली का?" मी म्हणायचे, "वेगळीच चव आहे." आमच्या घरात 'वेगळं' या शब्दाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक झाला होता. कारण भुसावळहून कुणी आलं की माझी माय कळण्याचं पीठ पाठवायची. ज्वारीत अख्खे काळे उडीद घालून दळलेलं. त्याची भाकरी, ठेचा, वर कच्चं तेल. मला स्वर्ग! आई पहिला तुकडा तोंडात घालून बराच वेळ चावत बसल्या आणि म्हणाल्या, "वेगळी आहे हो चव." भरीत मात्र त्यांनी आपलंसं केलं. कळण्याची भाकरी कधीच नाही. पण माय आली की पानातली एक चतकोर निमूटपणे संपवायच्या. मी शेवळं संपवायचे तशीच.

२०१८ साली आई पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली आणि त्या पलंगावर आल्या. जून आला. त्यांना बाजारात जाता येईना. मीच शेवळं आणली आणि त्यांच्या पलंगाशेजारी खाली वर्तमानपत्र पसरून सोलायला बसले. त्या वरून सूचना करत होत्या. "हाताला तेल लाव आधी. पिवळं राहू देऊ नकोस. अजून थोडं काढ." मी काकड्यांचा वाटा बाजूला ठेवला होता. त्यातला एक त्यांनी हातात घेतला आणि उगाच फिरवत बसल्या.

दुपारची वेळ, घरात आम्ही दोघीच. मी खाली मान घालून म्हणाले, "आई, त्या वर्षी काकडे तुम्ही विसरला नव्हतात. मी फेकले होते."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "सालं टाकायला गेले तेव्हाच डब्यात दिसले."

मी बघतच राहिले. म्हणजे भाजी व्हायच्या आत! "मग काढून, धुऊन का नाही घेतलेत?"

"तू नाही म्हणाली होतीस ना. डब्यातून काढून धुवायला घेतले असते तर आत्याबाई आत आल्याच असत्या विचारायला. महिन्याची सून तू. मला वाटलं, चिंचेवर भागेल." जरा थांबून म्हणाल्या, "नाही भागलं."

मग हसायला लागल्या. हसताना खुबा दुखायचा, तरी हसत होत्या. मला रडू येत होतं. बाराजणांचे घसे आणि स्वतःचं नाव पणाला लावून या बाईने माझी एका शब्दाची थाप झाकली होती आणि बावीस वर्षांत एका नजरेनेही ते जाणवू दिलं नव्हतं. मी म्हटलं, "आत्यांना सांगू का?" तर म्हणाल्या, "मी आहे तोवर नको. दर वर्षी फोन तरी करतात त्या निमित्ताने."

२०२१ च्या फेब्रुवारीत आई गेल्या. त्या जूनमध्ये शेवळं आणलीच नाहीत. पुढच्या वर्षी आणली, केली, पण कुणी फारसं बोललं नाही. आत्यांचा फोनही आला नाही.

यंदा मात्र घरात नवी सून आहे. साताऱ्याची. परवा आणलेली शेवळं मी काल केली, वाल घालून आणि कोलंबी घालून, दोन पातेली. ती शेजारी उभी राहून बघत होती. काकडे तिच्या हातात दिले आणि ठेचून रस पिळायला सांगितला. "हे एवढंसं कशाला लागतं?" म्हणाली. म्हटलं, "सांगते जेवल्यावर."

जेवायला बसलो. तिने एक घास घेतला, दोन घेतले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "वेगळीच चव आहे, आई."

मला हसू आवरेना. म्हटलं, "बाळा, आवडलं नसेल तर नाही आवडलं म्हण. दही घे. या घरात वेगळं-वेगळं म्हणत आम्ही दोघींनी पंचवीस वर्षं काढली." मग तिला सगळी गोष्ट सांगितली. मुलगा आणि हेही ऐकत होते. यांनाही ती नवीनच होती. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "आत्याला कळायला हवं."

म्हणून हे लिहिलं. मला शेवळं आवडतात का, तर खरं सांगायचं तर अजूनही नाही. पण जून आला की करायचीच.

असो. १९९६ च्या त्या रविवारी ज्यांचे ज्यांचे घसे खवखवले, त्यांची मी हात जोडून माफी मागते. काका, तो किस्सा पुन्हा सांगाल तेव्हा नाव बदलून सांगा. आणि आत्या, तुमच्या वहिनी काकडे कधीच विसरल्या नव्हत्या. पुढच्या जूनमध्ये फोन कराल ना?