आपल्याच गावचे पाहुणे

उभी हयात गिरगावात गेली. पण गिरगाव 'पाहिले' ते डोंबिवलीकर झाल्यावरच! परवा आम्ही उभयता सकाळच्या गाडीने निघालो. ठाकुरद्वारी मिसळ खाल्ली. खोताच्या वाडीतली लाकडी सज्ज्यांची घरे सावकाश न्याहाळली. १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसवणाऱ्या केशवजी नाईकांच्या चाळींपुढे हात जोडले. आमच्या चाळीच्या जागी मात्र टोलेजंग इमारत! पहारेकऱ्याने हटकले, "कुणाकडे जायचंय?"

मला उत्तर सुचेना. ही म्हणाली, "कुणाकडे नाही. नुसतं पाहायला आलोय."

संध्याकाळी चौपाटीवर लोकमान्यांच्या पुतळ्यापाशी भेळ खाल्ली. पूर्वी भेळेचा कागद आम्ही खुशाल वाऱ्यावर सोडीत असू. आज हिने तो घडी करून पिशवीत ठेवला.

"अहो, पाहुण्यांनी रीतीनं वागावं!"