कुठल्या सालचा लाल?

छोट्या रेल्वेचे डबे पारखायला कोणी माझ्याकडे आणले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "रंग बरोबर आहे ना?" माझा उलटा प्रश्नही ठरलेला, "कुठल्या सालच्या डब्याचा?" तो विचारल्याशिवाय रंगाबद्दल काही बोलणे मला प्रामाणिक वाटत नाही. रेल्वेचा लाल, रेल्वेचा निळा असे आपण सहज म्हणतो, पण असा एकच लाल आपल्या रुळांवर कधी धावला नाही. धावतो तो एखाद्या कारखान्यात एखाद्या महिन्यात रंगवलेला आणि त्यानंतर काही पावसाळे काढलेला डबा. प्रतिकृती करायची असते ती त्याची.

सुदैवाने आपले डबे आपला जन्मदाखला अंगावर वागवतात. जुन्या पाच आकडी क्रमांकातले पहिले दोन आकडे बांधणीचे साल सांगतात आणि पुढचे तीन डब्याचा प्रकार. हे तीन आकडे २०१ ते ४०० मध्ये असतील तर डबा शयनयान. टोकाच्या भिंतीवर मोठ्या दुरुस्तीची, म्हणजे पीओएचची, तारीख आणि कारखान्याची खूण स्टेन्सिलने उमटवलेली असते. त्यामुळे मी रंगाआधी क्रमांक वाचतो. गाड्यांचा जुना लालसर तपकिरी रंग १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात मागे पडत गेला आणि गडद निळ्या अंगावर खिडक्यांशी फिकट निळा पट्टा आला. शून्य-आठने सुरू होणारा क्रमांक घेतलेले साधे शयनयान जुन्या लालसर तपकिरी रंगात दिसले, तर छटा कितीही अचूक असो, डबा चुकलेला आहे. चौऱ्याऐंशीचा डबा मात्र दोन्ही रंगांत चालतो, कारण तो पुढे निळा रंगवला गेला असू शकतो. पण हा निळा रंग आला तो एअर ब्रेकच्या डब्यांची ओळख म्हणून. म्हणून निळा डबा मी उलटा करून बघतो. पोटाखाली व्हॅक्यूम ब्रेकची सिलिंडरे दिसली, तर वरचा निळा खोटा ठरतो.

साल पक्के झाले की मग उजेड. ट्यूबलाइटखाली जुळलेल्या दोन छटा उन्हात एकमेकींना ओळखही देत नाहीत, कारण रंगद्रव्ये वेगळी असली तरी एका विशिष्ट प्रकाशात ती सारखी भासू शकतात. पिवळ्या दिव्याखाली तपकिरी लाल उबदार होतो आणि गडद निळा काळवंडतो. मी डबा आणि रंगाचा नमुना शेजारी शेजारी ठेवून उत्तरेकडच्या खिडकीत, थेट ऊन नसताना बघतो. नंतर ज्या दिव्याखाली तो मांडायचा आहे, तिथे पुन्हा. मोबाइलच्या फोटोवरून निवाडा करत नाही. फोन आपल्या मर्जीने पांढरा ठरवतो आणि बाकीचे रंग त्याच्यामागे ओढतो.

आता सगळ्यात अवघड गोष्ट, आकार. प्रतिकृतींचे एचओ प्रमाण १:८७ आहे. इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या, म्हणजे आयसीएफच्या, डब्याची कवची २१,३३७ मिलिमीटर लांब. आपल्या टेबलावर ती जेमतेम २४५ मिलिमीटर होते. खरा डबा आपण काही मीटरांवरून, मधल्या हवेतून आणि त्याच्यावर पडलेल्या आकाशाच्या उजेडासह बघतो. कारखान्यातला नेमका रंग जसाच्या तसा एवढ्याशा पृष्ठभागावर लावला, तर तो डोळ्यांना जड आणि गडद वाटतो. म्हणून जाणता कारागीर त्यात थोडा पांढरा किंवा राखाडी मिसळतो. किती, हे सूत्रात बसत नाही. भारतीय मानक आयएस ५ मध्ये रंगांना क्रमांक आहेत, ५३७ म्हणजे सिग्नल रेड. जर्मनीतली आरएएलची पद्धत १९२७ पासून आहे. हे क्रमांक सुरुवात कुठून करायची ते सांगतात. शेवट डोळ्यांनी ठरवायचा असतो.

चकाकीही मोजमापाने लहान होत नाही, आणि धातूचा कणही नाही. हे मला पुणे-मुंबईच्या डेक्कन क्वीनने शिकवले. १ जून १९३० रोजी ही गाडी सुरू झाली, तेव्हा सात-सात डब्यांचे दोन रेक होते. एक रुपेरी, त्यावर लाल पट्ट्या. दुसरा राजनिळा, त्यावर सोनेरी रेघा. सांगाडे इंग्लंडहून आलेले, वरची कवची ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेच्या माटुंग्याच्या कारखान्यात बांधलेली. रुपेरी रेक करायला बसलात, की साध्या अ‍ॅल्युमिनियम रंगातला पंचवीस मायक्रॉनचा कण आडवा येतो. ८७ पट केला तर तो दोन मिलिमीटरांहून मोठा! डबा चंदेरी न दिसता चमकीने मढवल्यासारखा दिसतो. इथे अतिशय बारीक दळलेले धातूचे रंगद्रव्यच लागते, आणि वर मंद चकाकीचा वॉर्निश.

त्या पहिल्या रेकच्या छटा ठरवताना कृष्णधवल छायाचित्रे आधार देतात तशी दिशाभूलही करतात. त्या काळात वापरातल्या पुष्कळ फिल्मांना लाल प्रकाश जाणवतच नसे. लाल काळा उमटे आणि निळा फिकट. म्हणून छायाचित्रातली काळी पट्टी काळी धरायची नाही. १९६६ मध्ये पेरांबूरच्या आयसीएफचे डबे आले आणि २०२२ मध्ये एलएचबी, म्हणजे लिंके-हॉफमन-बुश बनावटीचे. दर वेळी गाडीचे रूप पालटले. "डेक्कन क्वीनचा रंग" असा आग्रह धरणाऱ्याला मी म्हणूनच आधी दशक विचारतो.

रंगाइतकीच त्याच्या थराची पारख हवी. अर्धा दशांश मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे मूळ डब्यावर साडेचार मिलिमीटरांच्या आसपास लेप. त्याखाली दाराची फट, खिडकीची चौकट, पत्र्याची कड सगळे बुजते. एअरब्रशने दिलेले पातळ थर आणि त्यातून स्पष्ट वाचता येणाऱ्या कडा हे मला अचूक छटेपेक्षाही मोलाचे वाटते. निळ्या डब्याचा फिकट पट्टा दाराच्या खाचेतून जाताना तुटतो का, कोपऱ्यावर वर-खाली होतो का, हे भिंगातून बघावे. खिडकीचे गज भिंतीशी एकजीव हवेत. मग डबा तळहातावर तोलावा. अमेरिकेतल्या एनएमआरए या प्रतिकृती-रेल्वे संघटनेची एचओसाठीची शिफारस आहे एक औंस, अधिक दर इंच लांबीला अर्धा औंस. आपल्या साधारण दहा इंची डब्याला हे वजन १७० ग्रॅम होते. त्याहून फारच हलका डबा वळणावर डगमगतो. भारतीय प्रतिकृतीत एक तडजोड राहते. १,६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज या प्रमाणात १९.३ मिलिमीटर व्हायला हवा, पण बाजारातला रूळ १६.५ चा असतो. ज्याने चाके खरोखर रुंद केली, त्याच्या मेहनतीला मी वेगळे गुण देतो.

जुनाट दिसावा म्हणून डब्यावर सरसकट तपकिरी धूळ फवारणे हे मात्र मला पटत नाही. मळाला कारण असते. आयसीएफच्या डब्याचा ब्रेक थेट चाकाच्या धावेवर घासतो. ते लोखंडी चूर्ण बोगीवर आणि भिंतीच्या खालच्या कडेवर बसते. एलएचबीला डिस्क ब्रेक आहे, त्यामुळे तिथे तसा गंजट थर देणे चूक. गंज आधी संडासाच्या बाजूला धरतो, कारण तिथे ओल असते. खिडक्यांखाली पानाचे ओघळ असतात, तेही गाडी पळत असताना मागे वाकलेले. एनॅमल उन्हात खडूसारखा भुरका होतो. हे सगळे ज्याने फलाटावर उभे राहून पाहिले आहे, त्याच्या हाताला ते कळते.

आणि शेवटी आठवण. जन्मभर पुणे-मुंबई केलेला प्रवासी माझा डबा बघून म्हणतो, "नाही हो, आमचा निळा याहून गडद होता." मी त्याचे ऐकतो, पण त्यावरून रंग बदलत नाही. आठवणीतला रंग नेहमी पाहिलेल्या रंगाहून भरदार असतो. त्याला मी दुसरेच विचारतो. पडदे कसले होते, दाराचा दांडा कसा होता, पाटी कुठे लावत? तिथे त्याची स्मृती माझ्या पुस्तकांपेक्षा खात्रीची ठरते.

म्हणून माझा आग्रह एकच. डबा पूर्ण झाला की त्याच्या तळाशी बारीक अक्षरात लिहावे : कुठले साल, कुठला कारखाना, कोणते रंग किती प्रमाणात मिसळले, कोणत्या उजेडात जुळवले आणि कशाच्या आधारावर. ज्या डब्याखाली हे लिहिलेले असते, त्याच्याशी दुसरा जाणकार वाद घालू शकतो, त्याहून चांगला पुरावा आणून तो सुधारू शकतो. जुन्या गाड्यांच्या मूळ रेकपैकी बहुतेक मोडीत गेले आहेत. त्यांच्या रंगाची साक्ष आता पुष्कळदा आपल्यासारख्यांच्या टेबलावरच उरते. ती साक्ष तपासता येईल अशी ठेवणे, हे मला या छंदातले खरे काम वाटते.