उष्टावणाआधी

बाळाला चौथा महिना लागला की जेवायला बसणाऱ्यांची पंचाईत होते. ज्याच्या मांडीवर ते असेल, त्याचा प्रत्येक घास दोन काळेभोर डोळे ताटापासून तोंडापर्यंत पोचवून येतात. आपण चावू लागलो की त्याचेही ओठ हलतात, लाळ हनुवटीवरून अंगड्यावर उतरते. मग कुणीतरी म्हणतंच, ‘जीव अडकलाय गं त्याचा!’ आणि करंगळीच्या टोकावर वरणाचं पाणी येतं.

त्या करंगळीवर मला रागावता येत नाही. ज्या आजीनं जन्मभर घराला वाढलं, तिला समोरचा टकमक बघणारा जीव उपाशी कसा ठेववेल? तिची सगळी लेकरं पेजेवरच तर वाढली. पेजेच्याही आधी सहाणेवर मुरडशेंगेचे, हळकुंडाचे, वेखंडाचे वेढे उगाळलेले असतात आणि वर मधाचं बोट. ते मधाचं बोट तेवढं नकोच. मधात असलेले काही जंतू वर्षाखालच्या बाळाच्या आतड्यात रुजू शकतात, त्यांच्या विषानं बाळ लुळं पडतं.

थांबणं आपल्या रीतीलाही ठाऊक होतं. मुलाचं उष्टावण सहाव्या किंवा आठव्या महिन्यात, मुलीचं पाचव्या किंवा सातव्या. मामाची मांडी, चांदीची वाटी, खिरीचं पहिलं बोट. मुलगा-मुलगी हा भेद पोटाला नसतो, पण सुमार फार चुकलेला नव्हता. सहाव्या महिन्याच्या आसपास मान सावरलेली असते, टेकून बसता येतं, तोंडात आलेली वस्तू जिभेनं बाहेर ढकलणं थांबतं. आईच्या पोटातून आणलेलं लोहही तेव्हाच सरत येतं, म्हणून त्यानंतर नुसत्या दुधावर ठेवणंही बरं नाही. त्याआधी मात्र त्या मुठीएवढ्या पोटात वरणाचं पाणी गेलं की तेवढं दूध बाहेर राहतं. बाळानं कमी ओढलं की पान्हाही कमी होत जातो. पाणी उकळायला जिथे सरपण पुरत नाही, तिथे वाटी-चमच्यातून जुलाब घरात येतात. पूर्वी चार ते सहा महिने असं सांगत. २००१ साली जागतिक आरोग्य परिषदेनं पुरते सहा महिने केवळ आईचं दूध, असं ठरवलं.

पण बाळाचे सहा महिने म्हणजे आईचेही सहा महिने, आणि ते तिला कोण देतं? २०१७पासून कायद्यानं पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. ती दहा किंवा त्याहून अधिक माणसं कामाला असलेल्या ठिकाणी. बीडहून ऊसतोडीला निघालेल्या ओल्या बाळंतिणीला कुठली रजा? उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस बसली तर खाडा पडतो, पैसे कापले जातात. पहाटेच्या थंडीत ती फडात उतरते. तान्हं कोपीत किंवा बांधावर, थोरल्या बहिणीच्या राखणीला, आणि ती बहीण स्वतःच अजून लहान. उन्हं वर येतात तसा इकडे पान्हा दाटतो, चोळी भिजते. तिकडे बाळ रडून लाल होतं. बहीण काय करणार? बिस्कीट चहात बुडवून त्याच्या तोंडाला लावते.

त्या पोरीला कुणी आहारशास्त्र शिकवू नये. आईला सहा महिन्यांचा सल्ला देऊनही काही होणार नाही. तिला तो पटलेला असतो, तिच्या छातीतली कळच तो सांगत असते. सल्ला ऐकवायचा तर मुकादमाला आणि कारखान्याला ऐकवावा. पाजायला गेलेल्या बाईचा खाडा धरू नका. फड असेल तिथे सावली आणि स्वच्छ पाणी पोचवा, लेकरं सांभाळायला एक जाणती बाई पगारावर ठेवा. आणि नुकती बाळंत झालेली बाई त्या हंगामात आलीच नाही, तर उचलीचं ओझं तिच्या नावावर चढवू नका.